कामगारांचे कैवारी नारायण मेघाजी लोखंडे



रविवारी आपण सुट्टीचा आनंद घेतो. गिरणी कामगारांना ही सुट्टी मिळवून देणाऱ्या थोर पुरुषाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. रेल्वे व टपाल खात्यात नोकरी करून पुढे ते मुंबईतील एका कापड गिरणीत भांडारपाल झाले. तेथे त्यांनी कामगारांची दैना जवळून पाहिली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि पगार मात्र महिनोन्‌महिने उशिरा. महात्मा फुले यांच्या विचारांचे लोखंडे १८८० पासून 'दीनबंधु' पत्र चालवू लागले.

१८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार, अशा त्यांत मागण्या होत्या. गरीब घर केवळ कमी पगाराने बुडत नाही. पगार लांबला किंवा कमावता हात यंत्रात सापडला, की ते कर्जात जाते, हे त्यांनी ओळखले होते.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे यांचे निधन झाले. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

प्लेगची धास्ती सुरतेनेही १९९४ मध्ये अनुभवली. तेव्हा कितीतरी श्रमिक कुटुंबे रोजगार सोडून गावी गेली. आजही लिंबायत, उधना भागांतील आपले अनेक खानदेशी बांधव लूमवर बारा-बारा तास उभे असतात. मीटरवर मजुरी असली की आजारपणाचा दिवस बिनपगारी जातो आणि पहिला घाव मुलांच्या शिक्षणावर पडतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे : घरात अडचण आली तर शाळा सोडल्याचा दाखला मागण्याआधी आम्हाला भेटा. विश्वस्त मंडळासही आम्ही विनंती करतो की, अशा मुलांच्या फीचा विचार आधी व्हावा. लोखंडे यांना हीच खरी आदरांजली ठरेल.