डॉ. कमल रणदिवे : पेशीला ‘थांब’ कोण सांगतं?



दहावीच्या विज्ञानात पेशीविभाजन शिकवताना आपण चार अवस्था फळ्यावर काढतो. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. मुलं आकृत्या काढतात, नावं पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण एखादं चौकस पोर मध्येच विचारतं की पेशीला कसं कळतं आता विभागायचं म्हणून? आणि थांबायचं कधी, हे तिला कोण सांगतं? हा प्रश्न पुस्तकाबाहेरचा नाही, तोच तर या धड्याचा गाभा आहे. या प्रश्नाच्या अवतीभवती आयुष्य घालवलेल्या एका मराठी शास्त्रज्ञ बाईंची ओळख आज करून घेऊया.

सीताफळापासून सुरुवात

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींच्या शिक्षणाबद्दल ते आग्रही होते. कमलताईंची शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंना मात्र रोग्यापेक्षा पेशीचं कुतूहल जास्त. त्यांनी फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं आणि पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये एम. एस्सी. केलं.

त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं. सीताफळाच्या पेशीत १४ गुणसूत्रं असतात, आपल्या नाशिकच्या कांद्यात १६. ती मोजायची तर विभाजनाच्या नेमक्या क्षणी पेशी पकडावी लागते, कारण एरवी गुणसूत्रं सुटी दिसतच नाहीत. त्यामुळे विभागणारी पेशी बघायची सवय त्यांच्या डोळ्यांना अगदी सुरुवातीपासून लागली.

मुंबई आणि कर्करोग

१९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मुंबईत आल्यावर त्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. हे रुग्णालय १९४१ मध्येच सुरू झालं होतं. तिथे विकृतिशास्त्राचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. संसार सांभाळून हे सगळं चाललं होतं. त्यात नवऱ्याची साथ होती, हेही मुलांना सांगायला हवं.

त्यांनी उंदरांच्या अशा जाती घेतल्या की काहींमध्ये स्तनाचा कर्करोग सहज व्हायचा आणि काहींमध्ये क्वचितच. खाणं तेच, पिंजरा तोच, मग फरक कशाने? आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरकं आणि विषाणू यांचा कर्करोगाशी संबंध शोधणाऱ्या आपल्याकडच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी त्या एक.

बशीतल्या पेशी

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतीसंवर्धन शिकायला गेल्या. ऊतीसंवर्धन म्हणजे शरीरातली पेशी बाहेर काढून काचेच्या बशीत जगवायची, वाढवायची. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या ‘हेला’ पेशी आजही जगभर वाढताहेत. लॅक्स यांना न विचारताच त्या पेशी घेतल्या होत्या. विज्ञानाच्या तासाला हा मुद्दाही जरूर चर्चेला घ्या.

मायदेशी परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमलताईंनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. आज घरगुती मिक्सर बिघडला तर दुपारपर्यंत दुरुस्त होतो. त्या काळात मात्र अशा प्रयोगशाळेचं बरंचसं सामान आणि कसब नव्याने जमवावं लागायचं. त्यात बुरशीचा एक कण पडला तरी बशी वाया.

या बशीत काय दिसतं ते नीट समजून घेऊ. निरोगी पेशी बशीच्या तळाशी पसरत जातात. सगळा तळ भरला, शेजारणीला शेजारीण टेकली की विभाजन थांबतं. कर्करोगाच्या पेशी थांबत नाहीत, एकमेकींच्या अंगावर चढून ढीग करतात. म्हणजे कर्करोग हा निव्वळ वेगाचा आजार नाही. ‘थांब’ हा निरोप न ऐकण्याचा तो आजार आहे. पण हा निरोप पेशीच्या आत नेमकं कोण देतं, हे त्या काळी जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

डबल बेलची गोष्ट

उत्तर हळूहळू मिळालं, आणि तेही फार साध्या जिवांकडून. अमेरिकेत लेलँड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये पेशीचक्र चालवणारी जनुकं शोधली. इंग्लंडच्या पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये एक मुख्य जनुक शोधलं आणि १९८७ मध्ये तेच माणसातही दाखवलं. टिम हंट यांना समुद्री अर्चिनच्या अंड्यांत असं प्रथिन सापडलं, जे प्रत्येक विभाजनाआधी साठत जातं आणि विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसं होतं. त्याचं नाव सायक्लिन.

मुलांना हे एसटीच्या उदाहरणाने सांगा, पटकन कळतं. सायक्लिनवर अवलंबून असणारे कायनेज, म्हणजे सीडीके, हे ड्रायव्हर. ते पेशीत जवळजवळ कायम हजर असतात, पण एकटे काही करत नाहीत. सायक्लिन हा कंडक्टर. तो आला आणि डबल बेल मिळाली की गाडी हलते. इथे गाडी हलणं म्हणजे काय? तर सीडीके इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा गट चिकटवतो आणि त्यामुळे ती प्रथिनं चालू किंवा बंद होतात. एका जोडीमुळे डीएनएची प्रत काढण्याचं काम सुरू होतं, दुसऱ्या जोडीमुळे गुणसूत्रं विभाजनाला लागतात. काम झालं की तो सायक्लिन मोडून टाकला जातो. पुढच्या टप्प्याला कंडक्टर नवा. काही टप्प्यांवर ड्रायव्हरही बदलतो.

वाटेत तपासणी नाकीही आहेत. डीएनए तुटलाय का? प्रत पूर्ण निघाली का? सगळी गुणसूत्रं नीट लागली का? काही चुकलं असेल तर पी-५३ सारखी प्रथिनं ब्रेक लावायला लावतात आणि सीडीके अडवला जातो. दुरुस्ती होते. ती झालीच नाही, तर पेशी स्वतःला संपवते. कर्करोगात हे ब्रेक निकामी झालेले असतात किंवा डबल बेल अडकून वाजतच राहिलेली असते.

या तिघांना २००१ च्या ऑक्टोबरमध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झालं. कमलताई त्याच वर्षी ११ एप्रिलला मुंबईत गेल्या. पुढे २०१५ मध्ये पाल्बोसिक्लिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. संप्रेरकांशी निगडित अशा स्तनाच्या कर्करोगात ते सीडीके ४ आणि सीडीके ६ या दोन ड्रायव्हरांना रोखतं. उंदरांमध्ये स्तनाचा कर्करोग आणि संप्रेरकं अभ्यासणाऱ्या कमलताईंच्या कामाची दिशा आणि या औषधाची दिशा एकच आहे. औषध त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालं असं नाही. पण प्रश्न बरोबर विचारणारी पिढी आधी लागते, मगच उत्तर शोधणारी पिढी येते.

प्रयोगशाळेबाहेर

कमलताईंनी कुष्ठरोगावरही काम केलं. रोग्यांच्या ऊतींतून त्यांच्या गटाने वाढवलेल्या जिवाणूपासून पुढे कुष्ठरोगाची लस तयार करण्यात आली. या कामासाठी १९६४ मध्ये त्यांना वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. १९६६ ते १९७० या काळात त्या संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

परदेशी शिकून परत या आणि इथल्या प्रयोगशाळेत काम करा, असं त्या विद्यार्थ्यांना सांगत. मुली पदवीपर्यंत येतात आणि मग घर, मूल, बदली यांत विज्ञानापासून तुटतात, हे त्या बघत होत्या. म्हणून १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापन केला. वाशीला या संघाचं नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आहे आणि पाळणाघरही. संशोधन करणाऱ्या बाईला भाषणापेक्षा पाळणाघराची गरज जास्त असते, हे ओळखणारी ही संस्था.

उतारवयात त्या आपल्या शेजारी आल्या. नाशिक जिल्ह्याच्या वेशीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी केली. खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं प्रशिक्षण दिलं. सूक्ष्मदर्शकातून पेशी बघणारी नजर इथे मुलांच्या वजनाकडे आणि ताटाकडे वळली होती.

वर्गात आणि घरी

कांद्याचं मूळ वाढवायला पाण्याचा पेला पुरतो. मुळाच्या टोकाची स्लाइड करून मुलांना विभागणाऱ्या पेशी मोजू द्या, न विभागणाऱ्याही मोजू द्या. बहुतेक पेशी थांबलेल्या दिसतील. मग विचारा, या का थांबल्या?

पालकहो, मुलीला डॉक्टरच व्हायचंय असं आपणच ठरवत नाही ना, एवढं एकदा तपासून बघा. तिला पेशी आवडत असेल, तर पेशीच बघू द्या. आणि घरात कुणाला कर्करोग झाला तर तो कुणाच्या पापाचं फळ नाही आणि शिवल्याने लागत नाही, हेही मुलांना समजावून सांगा. शरीरातल्या काही पेशींना ‘थांब’ हा निरोप ऐकू येईनासा झालाय, एवढं त्यांना नक्की कळतं.