आनंदीबाईंचा प्रवेशअर्ज

गणपती येतात तोवर आपल्या मंडळातल्या बारावी झालेल्या मुलामुलींच्या वैद्यकीय प्रवेशाची धावपळ सहसा संपलेली नसते. नीटचे गुण, रहिवासाचा दाखला, अर्ज कर्नाटकातून करावा की महाराष्ट्रातून, यादीत नाव कितवे लागले, ही चर्चा आरतीनंतर प्रसाद घेताघेताही कानावर येते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र निवडले. त्यांचे नाव आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला सांगायचे आहे ते मुख्यतः त्यांच्या प्रवेशाविषयी: कोणत्या अटी त्यांच्यापुढे आल्या, कोणत्या त्यांनी पुऱ्या केल्या आणि कोणती नाकारली.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव विधुर, टपाल खात्यात कारकून, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्न ठरवताना त्यांनी एकच अट घातली होती, की मुलीला आपण शिकवणार व त्याला कोणी आडकाठी करू नये. आनंदीबाईंच्या शिक्षणातली ही पहिली अट, आणि ती त्यांना कोणी विचारून घातलेली नव्हती. गोपाळरावांची शिकवण्याची तळमळ खरी, पण रीत फार कठोर. अभ्यास टाळला तर मारही बसे. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी हे दुःख बोलून दाखवले आहे. त्यांच्या थोरवीचे श्रेय गोपाळरावांना देताना ही बाजूही आपण विसरू नये.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाळंतिणीला व बाळाला धड औषधोपचार मिळत नाही, पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा बायका दुखणे अंगावर काढतात, हे त्यांनी स्वतः भोगले. आपण डॉक्टर व्हायचे हा निश्चय इथून पक्का झाला.

गोपाळरावांची बदली कोल्हापूरला असताना, १८७८ च्या सुमारास, त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची काही सोय होईल का, असे विचारले. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात राहून गेलेले होते. उत्तर आले ते असे, की दोघांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर मदत करता येईल. ही अट जोडप्याने मान्य केली नाही. वाइल्डरांनी मात्र तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे पाळीची वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती आले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, पुढे दोघींत मावशी-भाचीचे नाते जुळले आणि अमेरिकेतल्या मुक्कामाची सोय झाली.

तेव्हा हिंदुस्थानात काहीच सोय नव्हती असे नाही. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून स्त्रियांना घेत असत, सुईणकामाचे वर्गही निघाले होते. पण ते शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणारे स्त्रियांकडे मोकळ्या मनाने पाहत नाहीत, असे आनंदीबाईंचे मत होते. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी इंग्रजीत जाहीर व्याख्यान देऊन परदेशी जाण्याची कारणे एकेक करून सांगितली. एकट्या बाईने समुद्र ओलांडला तर जात वाळीत टाकील, या धमकीलाही त्यांनी उत्तर दिले: हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतून आपल्या लोकांत राहीन. या व्याख्यानानंतर देशभरातून मदत येऊ लागली. गोपाळराव बरोबर जाणार नव्हते. ७ एप्रिलला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा.

रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरून त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेशाचा अर्ज केला. १८५० मध्ये खास स्त्रियांसाठी निघालेले हे कॉलेज. अर्जासोबत जोडायला शाळेची मोठी प्रमाणपत्रे त्यांच्याजवळ नव्हती, कारण शिक्षण बहुतेक घरीच झालेले. त्यांनी आपले वय, कोणकोणते विषय वाचले, किती भाषा येतात हे सरळ लिहून दिले. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसत नसू, हेही त्यांनी लपवले नाही. आपली परिस्थिती वेगळी आहे हे ध्यानात घेऊन विचार व्हावा, एवढेच मागितले, आणि कशासाठी शिकायचे आहे ते सांगितले. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही मिळाली. आपली मुले आज अर्ज भरताना उणी बाजू झाकण्याची काळजी करतात. हा अर्ज त्यांना जरूर सांगावा असे आम्हांला वाटते.

प्रवेश मिळाला, पण हवामान मानवले नाही. कडाक्याची थंडी, शाकाहारी जेवणाचे हाल, आधीच तोळामासा प्रकृती, त्यात खोलीची शेगडी धुरकटणारी. नेसणे साडीचेच ठेवले. क्षयाने शरीर पोखरायला सुरुवात केली तरी अभ्यास सुटला नाही. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी घेतली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच हे रुग्णालय. आपल्याकडची कितीतरी माणसे उपचारासाठी तिथे जातात. आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परतल्या त्या अंथरुणाला खिळूनच. कोल्हापूरच्या कामावर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे ठेवली गेली.

नवऱ्याची अट, मिशनऱ्याची अट, जातीची अट, कॉलेजची अट, या साऱ्यांतून ही मुलगी वाट काढत गेली. तिची प्रकृती सांभाळली जावी, अशी अट मात्र कोणी कुणाला घातली नाही. यंदा आपल्या मंडळातली मुले घर सोडून वसतिगृहात राहायला जातील. त्यांच्या आईवडिलांनी कागदपत्रांच्या फायलीबरोबर मुलांचे जेवण, झोप आणि मन यांचीही विचारपूस करत राहावी. गजानन विद्येचा दाता आहे. विद्येबरोबर आयुरारोग्यही त्याच्याजवळ मागू या.