तिशीत एनएचएल गाठली, छत्तिशीत कप जिंकून दिला : गोष्ट बिल कुकची

आईस हॉकीत विशीत नाव झालं नाही की लोक खेळाडूला विसरायला लागतात. बिल कुक विशीत मैदानावर नव्हता, रणांगणावर होता.

१८९६ साली कॅनडातल्या ब्रँटफर्डमध्ये जन्मलेला हा गडी पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढला. सॉम, विमी रिज, सगळं पाहिलं. युद्ध संपल्यावरही थेट घरी नाही, आधी उत्तर रशियाची मोहीम. परतल्यावर सस्कॅचेवानमध्ये शेती आणि सस्काटूनच्या संघाकडून हॉकी. १९२६ मध्ये तिकडची लीगच बंद पडली.

त्याच वर्षी न्यूयॉर्क रेंजर्स हा नवा संघ उभा राहत होता. तीस वर्षांच्या बिलला त्यांनी थेट कॅप्टन केलं. रेंजर्सच्या इतिहासातला पहिला गोल त्याचाच. पहिल्याच मोसमात ३३ गोल मारून तो लीगमध्ये अव्वल आला. पुढे धाकटा भाऊ बन आणि फ्रँक बुशे यांच्या साथीनं १९२८ चा स्टॅनली कपही आला.

पण खरी कमाल १९३३ ची. वय ३६, तरी गोल आणि असिस्ट मिळून ५० गुण, पुन्हा लीगमध्ये पहिला. १३ एप्रिलला टोरांटोत फायनलचा चौथा सामना ०-० वर अडकला. जादा वेळेत टोरांटोचे दोघं शिक्षा भोगत बाहेर बसलेले. बिलनं संधी साधली, गोल, कप न्यूयॉर्कला!

१९८६ मध्ये तो गेला. सर्वाधिक वयात अव्वल ठरण्याचा त्याचा विक्रम मात्र थेट २०१३ मध्ये मोडला, ३७ वर्षांच्या मार्टिन सेंट लुईसनं.