उशिरा हाती आलेली लेखणी : लक्ष्मीबाई टिळक

(द्वितीय वर्ष कला)

भित्तिपत्रकासाठी मजकूर मागितला की वर्गातील निम्म्या मुलामुलींचे उत्तर ठरलेले असते : आमचे शुद्धलेखन चांगले नाही, आम्हांला लिहिता येत नाही. ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यांना तर ही धास्ती अधिकच. मीही त्यांच्यातलाच. अशा सर्वांनी मुद्दाम ओळख करून घ्यावी अशा एक लेखिका मराठीत होऊन गेल्या. शाळेत जाऊन त्यांचे शिक्षण झाले नाही. जोडाक्षर आले की त्यांची लेखणी अडखळे. तरीही त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठीतील उत्तम गद्यात गणले जाते. त्या म्हणजे कै. लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, म्हणजे मनू. वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्यानंतर हे वेड त्यांना जडले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही, मग ती धुण्यासारखी असो वा नसो. मुलांनी कोठे जावे, कोणाला शिवावे, यावर कडक पहारा. अशा घरात मुलीच्या हाती पाटी-पेन्सिल देण्याचा विचार कोण करणार? १८८० मध्ये, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि तिची लक्ष्मी झाली.

हे टिळक म्हणजे पुढे फुलामुलांचे कवी म्हणून प्रसिद्धीस आलेले रेव्हरंड टिळक. मोठ्या मनाचे, पण उतावळे आणि तापट. हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे व्हावे, मनात आले की घर सोडून चालू लागावे, असा त्यांचा स्वभाव. आपल्या बायकोने शिकावे असे त्यांना मनापासून वाटे. परंतु शिकवायला जी चिकाटी लागते ती त्यांच्यापाशी नव्हती. धडा सुरू व्हायचा, रागारागात बंद पडायचा, काही दिवसांनी नव्या उत्साहाने पुन्हा सुरू व्हायचा. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिस्तीने शिकविले, तसे भाग्य लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले नाही. त्या वाचायला शिकल्या त्या बऱ्याच अंशी स्वतःच्या हिकमतीवर.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी ती वर्षे नातलगांच्या आधाराने काढली. चारपाच वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, पण आपले सोवळे-ओवळे, आपले वेगळे पाणी घेऊनच. पुढे राहुरीस एका रात्री त्यांनी स्वतःच्या मनाशी जातिभेदाचा निकाल लावला. देवाने माणसाच्या दोनच जाती केल्या, स्त्री आणि पुरुष, बाकीच्या माणसानेच केल्या, असा त्यांचा कौल झाला. कोणाच्या उपदेशाने हे घडले नाही. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लक्ष्मीबाईंविषयी लिहिताना अनेक जण त्यांना अशिक्षित म्हणतात आणि शिक्षण नसल्यामुळेच त्यांची भाषा इतकी ताजी राहिली असे सुचवितात. मला हे पटत नाही. ओव्या, आर्या, कीर्तने, पुराणे यांच्या सहवासात त्यांचा कान लहानपणापासून तयार झाला होता. पुढे तर घरातच कवितेचा कारखाना होता. टिळक कविता रचीत, मोठ्याने म्हणत, बदलीत. नगरला त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. चुलीपाशी बसून लक्ष्मीबाई हे सारे ऐकत होत्या, मध्येच दोष काढीत होत्या आणि स्वतःही कविता रचू लागल्या होत्या. त्यांच्या कविता ‘भरली घागर’ या संग्रहात आहेत. हे शिक्षण नव्हे तर काय? फक्त त्याला हजेरीपट नव्हता.

वसईच्या होळी बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहतो. त्यांतील एक माझी आजी. सही करावी लागली तर तिला अंगठा लावावा लागतो. परंतु सुकेळी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने कशी घासाघीस केली आणि शेवटी कसे दिले तेवढे पैसे मोजून गेले, हे ती सामवेदी बोलीत सांगू लागली की शेजारच्या पाटीवाल्या आपला धंदा सोडून ऐकतात. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला पदोपदी तिची आठवण झाली. पण आजी आणि लक्ष्मीबाई यांच्यात एक अंतर आहे. लक्ष्मीबाईंनी ते बोलणे कागदावर उतरवले. त्यासाठी बसकण मारावी लागते आणि आठवणी निवडाव्या लागतात. सांगता येणे आणि लिहिता येणे यांच्यामधली ती वाट त्या कशा चालल्या, हे आपण पाहण्यासारखे आहे.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलगा देवदत्त यांना आईकडून आठवणी हव्या होत्या. त्यातून या लेखनाला तोंड फुटले. आपण साहित्य लिहीत आहोत असा आव आणायला मुळी जागाच नव्हती. घडलेले मुलाला सांगायचे होते. ‘संजीवनी’ या नियतकालिकातून आठवणी क्रमाक्रमाने छापून येऊ लागल्या. दर खेपेस मजकूर द्यायचा म्हणजे स्फूर्तीची वाट पाहत बसणे शक्य नाही. पहिला भाग पुस्तकरूपाने १९३४ साली निघाला, तेव्हा लेखिकेचे वय ६६ होते.

पुस्तकात बाई एकदम प्रसंगात शिरतात. वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी. वडिलांच्या सोवळ्याने आई किती गांजली हे त्या सांगतात, पण वडिलांना दोष देत बसत नाहीत. नुसते काय काय धुतले गेले ते सांगतात आणि आपण हसता हसता गप्प होतो. नवऱ्याच्या बाबतीतही तेच. १९१० साली रमाबाई रानड्यांनी लिहिलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे थोर पुस्तक आहे, पण त्यात न्यायमूर्ती सदैव उंचावर आहेत आणि रमाबाई पायाशी. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात टिळक त्यांच्यासमोर पाटावर बसलेले आहेत. त्यांचा राग, त्यांचा भोळेपणा, त्यांची माया सगळे दिसते. त्यांच्यावर हसण्याआधी बाई स्वतःवर हसून घेतात, म्हणून ते हसणे बोचत नाही. असे तटस्थ लिहिणे आपल्यापैकी किती जणांना आपल्या आईबापांविषयी जमेल? निबंधात आपण त्यांना लगेच देव करतो. घरातल्या गोष्टी कॉलेजच्या अंकात कशा लिहाव्यात, याची लाजही असतेच. लक्ष्मीबाईंनी घरचे दारिद्र्य, भांडणे, फजिती काहीच झाकले नाही, आणि त्यामुळे टिळकांची थोरवी तसूभरही कमी झाली नाही.

शुद्धलेखनाला किंमत नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. परीक्षेत गुण जातात आणि जायलाच हवेत. परंतु ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या कोणाला तपासून देता येते, पुस्तकात पाहून सुधारता येते. जलालपूरच्या घरातले पाणी किती वेळा ओतले गेले, ते लक्ष्मीबाईंखेरीज दुसरे कोण सांगणार होते?

त्यांच्या चिकाटीचा दुसरा पुरावा फारसा वाचला जात नाही. टिळकांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. दहा-अकरा अध्यायांवर ते राहिले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे हाती घेतले आणि ६४ अध्याय रचले! ज्या नवऱ्याने धड नीट शिकवले नाही, त्याचे अपुरे काव्य त्या बाईने पुढे नेले. गुणांच्या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’ वरचढ आहेत यात शंका नाही, परंतु इतक्या ओव्या रचणाऱ्या हाताला लिहिण्याची सवय नव्हती असे कोण म्हणेल?

‘स्मृतिचित्रे’ १९५० साली जोसेफीन इंक्स्टर यांनी इंग्रजीत नेले. २०१७ साली शांता गोखले यांचे नवे भाषांतर आले. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी निवर्तल्या. पुस्तकाचा चौथा भाग त्याच वर्षी, त्यांच्या मागे निघाला. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापून झाले.