अनवाणी धावपटू

पहाटे धावायला जायचा संकल्प आपण मोठ्या उत्साहाने करतो आणि आठवड्याभरातच गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढतो. अशा वेळी अबेबे बिकिला यांची आठवण करावी.

इथिओपियातल्या एका खेड्यात १९३२ साली जन्मलेले बिकिला सम्राटांच्या रक्षक दलात शिपाई होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन अनवाणी धावले आणि पहिले आले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या काही आठवडे आधी त्यांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, तरी तिथेही तेच जिंकले. १९६८ साली मेक्सिकोत मात्र दुखापतीमुळे त्यांना शर्यत वाटेतच सोडावी लागली.

पुढच्याच वर्षी मोटार अपघातात त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्या पायांनी नाव मिळवून दिले, तेच गेले. पण उपचारांसाठी इंग्लंडला गेलेल्या बिकिलांनी हाती धनुष्य घेतले आणि १९७० साली चाकाच्या खुर्चीत बसून ते तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरले. १९७३ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

उत्साह ही भावना आहे. ती येते आणि जाते. निर्धार मात्र आपल्याला रोज नव्याने करावा लागतो. जे हातात उरले होते, त्यातूनच बिकिलांनी पुन्हा सुरुवात केली. आपले पाय तर अजून शाबूत आहेत. उद्या पहाटे निदान दाराबाहेर तरी पडू या.