मुक्कामातले घर : मुमताजमहल

महिनोन् महिने अंतराळात राहणाऱ्या प्रवाशांस घरपण कसे लाभावे, याचा आज मोठा विचार होत असतो. दूरच्या मोहिमेतील निवासाची ही चिंता आपल्या बऱ्हाणपुरास जुनीच आहे.

अर्जुमंद बानूचा जन्म १५९३ चा. आसफखानाची ही कन्या १६१२ मध्ये शाहजादा खुर्रमची पत्नी झाली आणि पुढे मुमताजमहल म्हणून ओळखली गेली. पतीच्या स्वाऱ्यांत, बंडाच्या धामधुमीतही ती बरोबरच राहिली. आयुष्याचा बराच भाग मुक्कामांतच गेला.

१६३० मध्ये शाहजहान खानजहान लोदीच्या पारिपत्यासाठी दक्षिणेत उतरला, आणि तापीकाठचा शाही किल्ला तिचे घर झाला. तेथील हमामखाना तिच्यासाठीच बांधला, असे सांगतात. छतावरील रंगीत नक्षीच्या खुणा अद्याप दिसतात. पाण्याचीही ददात नव्हती. खानखाना अब्दुल रहीमच्या काळी, १६१५ च्या सुमारास, रचलेल्या कुंडी भंडाऱ्यातून सातपुड्याचे झिरपते पाणी जमिनीखालून केवळ उताराने शहरात येई.

एवढी व्यवस्था होती; परंतु बाळंतपणातून तिला वाचवील असा उपाय नव्हता. १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या अपत्याच्या जन्मावेळी, ती येथेच निवर्तली. नदीपलीकडे झैनाबादेत तिचे पहिले दफन झाले. डिसेंबरात देह आग्र्यास नेला.

ताजमहाल सारे जग पाहते. तिच्या हयातीतील सुखासाठी केलेली खटपट मात्र आमच्या पडक्या किल्ल्यात आहे. दूरच्या प्रवाशांची घरे आखणाऱ्यांनी ती अवश्य पाहावी. स्नानगृहाइतकीच वैद्याची खोलीही हवी, हे तेथे उमगते.