बुडालेल्या यानाचा अंतराळवीर

चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांचे नाव तुम्हांला माहीत आहे. अंतराळात सर्वांत आधी गेलेल्या युरी गागारीन यांच्याविषयीही तुम्ही वाचले असेल. आज आपण एका वेगळ्या अंतराळवीराची ओळख करून घेऊ. त्यांचे यान समुद्रात बुडाले आणि त्याचा ठपका त्यांच्यावर आला. पुढे अनेक वर्षांनी ते यान समुद्रातून वर काढण्यात आले, पण तो दिवस पाहायला ते जिवंत नव्हते. त्यांचे नाव व्हर्जिल ग्रिसम. लोक त्यांना गस ग्रिसम म्हणत.

ग्रिसम यांचा जन्म ३ एप्रिल १९२६ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, मिचेल या लहानशा गावी झाला. वडील रेल्वेत सिग्नलचे काम करीत. घरची स्थिती साधारण होती. शाळेत असताना ग्रिसम वर्तमानपत्रे वाटत आणि उन्हाळ्यात बागांमध्ये फळे तोडण्याचे काम करीत. उंची बेताची असल्यामुळे शाळेच्या बास्केटबॉल संघात त्यांना जागा मिळाली नाही. पण ते खचून गेले नाहीत.

पुढे ते पर्ड्यू विद्यापीठात अभियांत्रिकी शिकू लागले. दिवसा वर्ग आणि रात्री एका खाणावळीत स्वयंपाक्याचे काम, असा त्यांचा दिनक्रम होता. त्यांच्या पत्नी बेटी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून संसाराला हातभार लावत. १९५० मध्ये ग्रिसम पदवीधर झाले आणि हवाई दलात वैमानिक बनले. कोरियाच्या युद्धात त्यांनी शंभर उड्डाणे केली. त्यानंतर नव्या विमानांची चाचणी घेण्याचे धोक्याचे काम त्यांच्याकडे आले.

१९५९ मध्ये नासा या संस्थेने अमेरिकेचे पहिले सात अंतराळवीर निवडले. त्यांत ग्रिसम होते. गंमत अशी, की वैद्यकीय तपासणीत त्यांना फुलांच्या परागांमुळे शिंका येण्याचा त्रास असल्याचे आढळले. त्यांची निवड रद्द होण्याची वेळ आली. तेव्हा अंतराळात पराग नसतात, हे त्यांनी डॉक्टरांच्या लक्षात आणून दिले!

२१ जुलै १९६१ रोजी ग्रिसम यांनी अंतराळात झेप घेतली. त्यांच्या यानाचे नाव होते 'लिबर्टी बेल ७'. लिबर्टी बेल ही फिलाडेल्फिया शहरातील एक ऐतिहासिक घंटा आहे. त्या घंटेला तडा गेलेला आहे, म्हणून यानावरही तसाच तडा रंगवला होता. हे उड्डाण सुमारे पंधरा मिनिटांचे होते. यान ठरल्याप्रमाणे अटलांटिक महासागरात उतरले. सर्व काही सुरळीत झाले होते. ग्रिसम आत बसून हेलिकॉप्टरची वाट पाहत होते.

आणि अचानक यानाचा दरवाजा उडाला. हा दरवाजा ७० बोल्टांनी बसवलेला होता. संकटाच्या वेळी एक कळ दाबली, की आतील स्फोटकाने ते बोल्ट तुटत आणि दरवाजा बाहेर फेकला जाई. समुद्राचे पाणी आत घुसू लागले. ग्रिसम यांनी बाहेर उडी घेतली. पोशाखाचा एक झडप उघडी राहिल्यामुळे त्यातही पाणी शिरले. मुलांना आणि मित्रांना भेट देण्यासाठी त्यांनी बरोबर नाणी घेतली होती; त्यांचेही ओझे झाले. हेलिकॉप्टरने यान उचलण्याचा प्रयत्न केला, पण पाण्याने भरलेले यान त्याला पेलवेना. शेवटी दोर सोडून द्यावा लागला. यान समुद्राच्या तळाशी गेले. ग्रिसम बुडता बुडता वाचले.

ते वाचले, पण लोकांची कुजबुज थांबली नाही. घाबरून त्यांनीच कळ दाबली असेल, असे काही लोक बोलू लागले. ग्रिसम यांनी हा आरोप नेहमीच नाकारला. पुढच्याच वर्षी वॉल्टर शिरा या अंतराळवीराने आपल्या यानात ती कळ मुद्दाम दाबली, तेव्हा तिच्या धक्क्याने त्यांच्या हाताला इजा झाली. ग्रिसम यांच्या हातावर तशी एकही खूण नव्हती. तरीही सर्वांची शंका मिटली नाही. विचार करा, ज्याच्याजवळ पुरावा नाही त्याने आपला खरेपणा कसा सिद्ध करावा? त्यांचा पुरावा तर साडेचार किलोमीटरहून अधिक खोल पाण्यात पडला होता.

ग्रिसम यांनी कामानेच उत्तर दिले. २३ मार्च १९६५ रोजी जॉन यंग यांच्याबरोबर ते 'जेमिनी ३' यानातून पुन्हा अंतराळात गेले. या यानाला त्यांनी 'मॉली ब्राऊन' हे नाव दिले. मॉली ब्राऊन ही टायटॅनिक जहाजाच्या अपघातातून वाचलेली स्त्री. न बुडणारी बाई म्हणून तिच्यावर एक नाटक गाजले होते. वरिष्ठांना हे नाव आवडले नाही. दुसरे नाव विचारले, तेव्हा ग्रिसम यांनी टायटॅनिक हे नाव सुचवले! मग पहिलेच नाव राहिले. आपल्यावर झालेल्या टीकेकडे ते असे हसत पाहू शकत होते.

यानंतर चंद्रावर जाण्याच्या अपोलो योजनेत पहिल्या यानाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. २७ जानेवारी १९६७ रोजी फ्लोरिडा येथे या यानात सराव सुरू होता. ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी आत बसले होते. यानात शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता. एकाएकी आग लागली आणि क्षणात सगळीकडे पसरली. या यानाचा दरवाजा आतल्या बाजूला उघडत असे. आतील दाबामुळे तो उघडला नाही. तिघेही मरण पावले. पहिल्या यानाचा दरवाजा उघडायला नको होता तेव्हा उघडला, आणि या यानाचा दरवाजा उघडायला हवा होता तेव्हा उघडला नाही. या दुर्घटनेनंतर अपोलो यानाचा दरवाजा झटकन बाहेर उघडेल असा बनवण्यात आला आणि लवकर पेट घेणाऱ्या वस्तू कमी करण्यात आल्या. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर पोहोचला, त्यामागे या तिघांचे बलिदान आहे.

आता ग्रिसम यांच्या यानांचे पुढे काय झाले ते पाहू. 'मॉली ब्राऊन' आज त्यांच्या मिचेल गावाजवळच्या सरकारी उद्यानात, त्यांच्या स्मारकात ठेवलेले आहे. जळालेले अपोलो यान नासाने अनेक वर्षे बंद जागेत ठेवले. २०१७ मध्ये, पन्नास वर्षांनी, त्याचा दरवाजा लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आला. राहिले 'लिबर्टी बेल ७'. ते टायटॅनिकपेक्षाही खोल ठिकाणी पडून होते.

कर्ट न्यूपोर्ट नावाच्या एका शोधकाने ते बाहेर काढण्याचा ध्यास घेतला. पण एवढ्या खोल समुद्रात जायचे म्हणजे मोठे जहाज, यंत्रे आणि माणसे हवीत. यासाठी पैसा कोण देणार? हा खर्च डिस्कव्हरी या दूरदर्शन वाहिनीने उचलला. १९९९ च्या मे महिन्यात यान सापडले. परंतु तार तुटली आणि शोध घेणारे यंत्रच समुद्रात गेले. नवे यंत्र आणून पुन्हा प्रयत्न झाला. २० जुलै १९९९ रोजी 'लिबर्टी बेल ७' पाण्याबाहेर आले. अडतीस वर्षे पूर्ण व्हायला फक्त एक दिवस बाकी होता!

यान वर आले, पण काम संपले नव्हते. खाऱ्या पाण्यात राहिलेला धातू उघड्या हवेत आला, की झपाट्याने गंजतो. म्हणून यान पाण्याने भरलेल्या पेटीत ठेवूनच कॅन्सस राज्यातील हचिन्सन शहरात नेण्यात आले. तेथे कॉस्मोस्फिअर हे संग्रहालय आहे. १९६२ मध्ये जत्रेच्या मैदानावरील कोंबड्यांच्या प्रदर्शनाच्या इमारतीत एक छोटे तारांगण सुरू झाले; त्याचेच पुढे हे मोठे संग्रहालय झाले. तेथील कारागिरांनी यानाचा भाग न् भाग सुटा केला, मीठ व गंज काढला आणि पुन्हा जोडला. आत जुनी नाणीही सापडली. दरवाजा मात्र सापडला नाही. २०२१ मध्ये काही अभ्यासकांनी जुन्या चित्रफिती बारकाईने तपासल्या. हेलिकॉप्टरमुळे निर्माण झालेल्या विजेने तो दरवाजा उडाला असावा, असे मत त्यांनी मांडले. म्हणजे ग्रिसम यांचे म्हणणे खरे असण्याचा संभव आणखी वाढला.

तुम्ही विचाराल, जुन्या वस्तूंसाठी एवढा पैसा का खर्च करावा? जगात भूक आहे, आजार आहेत. प्रश्न योग्य आहे. पण ज्या वस्तूकडे दुर्लक्ष होते ती नष्ट होते, आणि नष्ट झालेली वस्तू पुन्हा कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. शिवाय हा भार एकट्या श्रीमंताने उचलावा असेही नाही. आर्मस्ट्राँग यांच्या चंद्रावरील पोशाखातील रबर झिजू लागले, तेव्हा २०१५ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने लोकांना मदत मागितली. नऊ हजारांहून अधिक लोकांनी मिळून सात लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली. २०१९ मध्ये तो पोशाख पुन्हा लोकांसमोर आला. थेंबे थेंबे तळे साचते, ही म्हण येथे खरी ठरली.

मुलांनो, हचिन्सनच्या त्या संग्रहालयात आज एक छोटेसे यान उभे आहे. त्याला दरवाजा नाही. रेल्वे कामगाराचा एक मुलगा त्यात बसून अंतराळात जाऊन आला होता, याची ते साक्ष देते. तुम्ही एखाद्या संग्रहालयाचे तिकीट काढाल, तेव्हा लक्षात ठेवा, की ते पैसे केवळ पाहण्याचे नाहीत, जपण्याचेही आहेत.

स्वाध्याय

१. ग्रिसम यांनी शिक्षणासाठी कोणते कष्ट घेतले?
२. 'लिबर्टी बेल ७' समुद्रात का बुडाले?
३. ग्रिसम यांनी आपल्या दुसऱ्या यानाला 'मॉली ब्राऊन' हे नाव का दिले असावे?
४. समुद्रातून काढलेले यान पाण्याच्या पेटीत का ठेवले?
५. जुन्या वस्तू जपण्यासाठी पैसा खर्च करावा की नाही? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.